अनुदानाची वाट, व्याजदराची घासाघीस

गुढीपाडवा किंवा दसरा जवळ आला की वृत्तपत्रांची पहिली पाने गृहप्रकल्पांच्या जाहिरातींनी भरून जातात. जलतरण तलाव, उद्यान, व्यायामशाळा यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक आमिष दाखवले जाते, ते म्हणजे पहिल्या घरासाठी मिळणारे सरकारी अनुदान. आयुष्यात प्रथमच घर घेणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाचे सारे लक्ष साहजिकच या रकमेकडे लागते. मात्र ज्या करारावर पुढील वीस वर्षांचा संसार उभा राहायचा, त्या गृहकर्जाच्या अटी तेच कुटुंब पाच मिनिटांत, न वाचता मान्य करून टाकते. हिशेब मांडला तर चित्र नेमके उलटे दिसते. अनुदान थोड्यांना मिळते आणि तेही मर्यादित असते. व्याजदराची घासाघीस मात्र बहुतेक सर्वांना शक्य असून तिचा लाभ अनेकदा अनुदानाहून मोठा असतो.

अनुदान कोणाला, किती?

प्रधानमंत्री आवास योजनेतील कर्जाशी निगडित व्याज अनुदान योजना शहरी मध्यमवर्गात विशेष लोकप्रिय झाली होती. वार्षिक १८ लाख रुपये उत्पन्नापर्यंतची कुटुंबे तिच्या कक्षेत येत. अल्प उत्पन्न गटाला मिळणारे सुमारे २ लाख ६७ हजार रुपयांपर्यंतचे अनुदान एकरकमी कर्जखात्यात जमा होऊन मुद्दल घटत असे. मध्यम उत्पन्न गटासाठी ही योजना मार्च २०२१ मध्ये, तर उर्वरितांसाठी मार्च २०२२ मध्ये संपली.

त्यानंतर २०२४ मध्ये या योजनेचा दुसरा टप्पा आला आणि १ सप्टेंबर २०२४ पासून मंजूर व वितरित झालेल्या कर्जांसाठी नवी व्याज अनुदान योजना लागू झाली. तिच्या अटी अधिक कडक आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असावे लागते. देशात कोठेही कुटुंबाच्या नावावर पक्के घर असता कामा नये. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान मिळते आणि त्याची कमाल रक्कम १ लाख ८० हजार रुपये आहे. ती पाच समान वार्षिक हप्त्यांत, म्हणजे वर्षाला जास्तीत जास्त ३६ हजार अशी मिळते. शिवाय प्रत्येक हप्त्याच्या वेळी कर्ज चालू असून निम्म्याहून अधिक मुद्दल शिल्लक असावे लागते. काटकसर करून कर्ज लवकर फेडणाऱ्याने ही अट आधीच ध्यानात घेतलेली बरी.

मुंबई-पुण्यात ३५ लाखांच्या आत कायदेशीर घर शोधणे म्हणजे शहराच्या वेशीबाहेर जाणे होय. पतिपत्नी दोघेही नोकरी करीत असतील, तर उत्पन्नाची मर्यादा सहज ओलांडली जाते. त्यामुळे जाहिरातीतील अनुदान वाचून येणाऱ्या अनेकांच्या पदरी निराशाच येते.

अडचण खरी कोठे आहे?

पुणे महापालिका हद्दीतील ५० लाखांच्या सदनिकेचे उदाहरण घेऊ. ३० ते ७५ लाखांदरम्यानच्या कर्जासाठी घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणजे ४० लाखांचे कर्ज मिळाले तरी १० लाख स्वतःचे हवेत. त्यावर ७ टक्के दराने साडेतीन लाख मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी फी. म्हणजेच चावी हाती येण्यापूर्वी जवळजवळ १४ लाखांची तजवीज करावी लागते. पहिले घर अडते ते येथे. पाच वर्षांत तुकड्यातुकड्याने मिळणारे अनुदान या वेळी उपयोगी पडत नाही. महाराष्ट्रात घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. या उदाहरणात ते ५० हजार रुपये होतात आणि तेही अगदी गरजेच्या वेळी वाचतात. पतिपत्नींच्या संयुक्त नावावरील खरेदीला मात्र ही सवलत लागू नाही.

अनुदानाबाबत आणखी एक जुना प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २००० पासून प्रथमच घर घेणाऱ्यांना ७ हजार डॉलर देण्यास आरंभ केला. घरांचा पुरवठा न वाढता खरेदीदारांच्या हाती जादा पैसा आला, की किमती चढतात आणि अनुदान अखेर विक्रेत्याच्या खिशात जाते, असा आक्षेप तेथील अर्थतज्ज्ञ वारंवार घेत आले आहेत. आपल्याकडेही तो विसरून चालणार नाही.

जुन्या ग्राहकाला महाग, नव्याला स्वस्त

आता व्याजदराकडे वळू. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांना नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपो दरासारख्या बाह्य निकषाशी जोडणे बंधनकारक झाले. ग्राहकाचा दर म्हणजे रेपो दर अधिक बँकेचा स्प्रेड. रेपो दर सर्वांना समान असतो, स्प्रेड मात्र तसा नसतो. नवा ग्राहक खेचण्यासाठी बँका तो कमी ठेवतात. जुना ग्राहक कोठे जाणार नाही, असे गृहीत धरून त्याला जुन्याच स्प्रेडवर ठेवले जाते. एकाच इमारतीत, एकाच बँकेचे दोन कर्जदार वेगवेगळा दर भरतात, ते यामुळेच.

रेपो दर २०२५ मध्ये टप्प्याटप्प्याने ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. या ५.२५ टक्क्यांवर जुन्या ग्राहकाचा स्प्रेड ३ टक्के आणि नव्याचा अडीच टक्के आहे असे समजा. दर झाले ८.२५ आणि ७.७५. शिल्लक मुद्दल ४० लाख व मुदत २० वर्षे असेल, तर मासिक हप्त्यात सुमारे १,२४५ रुपयांचा, तर संपूर्ण मुदतीत जवळजवळ तीन लाखांचा फरक पडतो. दर कमी करून घेऊन हप्ता पूर्वीइतकाच ठेवला, तर कर्ज वीसेक महिने आधी फिटते आणि साडेसहा लाखांहून अधिक रक्कम वाचते. केवळ अर्ध्या टक्क्याची ही किंमत, अनुदानाच्या कमाल रकमेच्या साडेतीन पटींहून जास्त!

घासाघीस कशी करावी?

प्रथम आपले कर्ज कोणत्या निकषाशी जोडलेले आहे, हे मंजुरीपत्रात पाहावे. २०१९ पूर्वीचे कर्ज अद्याप एमसीएलआर किंवा बेस रेटवर असेल, तर ते रेपोशी जोडून घेण्याविषयी बँकेकडे विचारणा करावी. गृहवित्त कंपन्यांना बाह्य निकषाचे बंधन नाही, त्यामुळे तेथील कर्जदाराने अधिक सावध राहावे. त्यानंतर हप्ते वेळेवर भरल्याचा दाखला, चांगला सिबिल गुणांक आणि अन्य बँकेचा लेखी देकार जोडून स्प्रेड कमी करण्याचा लेखी अर्ज द्यावा. स्प्रेडमधील काही घटक तीन वर्षांच्या आत न बदलण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने ग्राहकाच्या हितासाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून शिथिल केला आहे. त्यामुळे ‘नियमात बसत नाही’ हे उत्तर आता पुरेसे नाही.

बँक बधली नाही, तर कर्ज दुसरीकडे नेता येते. वैयक्तिक गृहकर्ज बदलत्या दराचे असेल, तर बँकांना मुदतपूर्व फेडीसाठी दंड आकारण्यास २०१२ पासून मनाई आहे. मात्र नव्या बँकेचे प्रक्रिया शुल्क, कायदेशीर तपासणी व मूल्यांकनाचा खर्च आणि गहाणखताच्या नोंदीचे शुल्क बचतीतून वजा करूनच निर्णय घ्यावा. मुदतीच्या अखेरच्या काही वर्षांत व्याजाचा भाग अल्प उरतो, तेव्हा हा खटाटोप फारसा फलदायी ठरत नाही. कर्जासोबत गळ्यात मारली जाणारी एकरकमी हप्त्याची विमा पॉलिसी हीसुद्धा दराइतकीच तपासण्याची बाब आहे.

आणखी एक गोष्ट. २०२२-२३ मध्ये रेपो दर ४ वरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेक कर्जांचे हप्ते तेच राहिले आणि मुदत मात्र वाढली. हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्हींचा मेळ घालायचा, ही निवड कर्जदाराला देण्याचा आदेश रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये दिला. आपल्या कर्जाची अखेरची तारीख आज कोणती आहे, हे किती जणांनी पडताळून पाहिले असेल?

वास्तविक, समान पत असलेल्या जुन्या आणि नव्या ग्राहकाला समान दर मिळावा, यासाठी ग्राहकाला अर्ज-विनंत्या कराव्या लागू नयेत. ते काम नियामकाचे आहे. अनुदानावर सरकारी तिजोरीतून खर्च होतो, या सुधारणेसाठी मात्र तिजोरीला भार पडणार नाही. तोवर सजग राहण्यावाचून कर्जदाराला गत्यंतर नाही. घर घेताना भाजीवालीशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालणारे आपण, ४० लाखांच्या व्यवहारात मात्र संकोचाने गप्प राहतो. तो संकोच झटकला, तर पहिल्या घराला मिळणारे सर्वांत मोठे अनुदान आपले आपणच मिळवू शकू.