वाद्याचें कूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ विचारूं नये, असें म्हणतात. परंतु विजेची बेस गिटार विकत घेणारा मनुष्य प्रथम विचारतो तें कूळच. महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलाच्या हट्टास्तव हा प्रसंग हल्लीं पुष्कळ घरांवर येतो. एकाच घाटाचीं तीन वाद्यें समोर असतात : एक अमेरिकेंत झालेलें, दुसरें मेक्सिकोंत, तिसरें इंडोनेशियांत. पहिल्या दोहोंवर 'फेंडर' हें नांव, तिसऱ्यावर 'स्क्वायर' हें त्याच पेढीचें दुय्यम नांव. आणि पहिल्याची किंमत तिसऱ्याच्या कैक पट! मुलाची दृष्टि पहिल्यावर, वडिलांची तिसऱ्यावर.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं रेडिओ दुरुस्त करीत असे. त्याला स्वतःला गिटार वाजवितां येत नव्हती, ही मौजच! १९५१ सालीं त्यानें 'प्रिसिजन बेस' बाजारांत आणला. भरीव लाकडाचें अंग, स्क्रूंनीं जोडलेली मेपलची मान, चार तारा, आणि स्वर नेमका लागावा म्हणून धातूचे पडदे. असें सुट्या भागांचें वाद्य कोणत्याहि देशांत जुळवितां यावें, यांत नवल नाहीं.

१९६५ सालीं ही पेढी सी. बी. एस. कंपनीकडे गेली, आणि पुढें माल उतरल्याची वादकांची तक्रार वाढली. तिकडे जपानी कारागिरांच्या नकला इतक्या सरस निघाल्या कीं, १९८२ पासून खुद्द फेंडरचीं वाद्यें मात्सुमोतो येथें होऊं लागलीं. आपले वाडवडील तकलादू वस्तूस 'जपानी माल' म्हणत. त्याच जपानच्या त्या काळच्या बेस गिटारी वादक आज शोधून घेतात. १९८७ सालीं मेक्सिकोंतील एन्सेनाडा येथें कारखाना निघाला, तो मुख्यतः स्वस्त मजुरीसाठीं.

तेव्हां देशाच्या नांवानें कळतें तें एवढेंच कीं, मजुरी किती पडली आणि मालकानें कोणत्या प्रतीचा माल मागितला. लांकूड सर्वत्र यंत्रच कोरतें. स्वस्त वाद्यांत काटकसर होते ती तारांखालच्या चुंबकांत, खुंट्यांत आणि पडद्यांचीं टोकें हातानें घासण्यांत. हे दोष मागाहून थोड्या खर्चांत निघतात. मानेचें मात्र तसें नव्हे. ती वांकली असल्यास आंतील सळईनें सरळ होते. पिळवटली असल्यास इलाज जवळजवळ नाहींच. म्हणून वाद्य डोळ्याशीं धरून मानेवरून नजर फिरवावी, आणि पडद्यांच्या कडेनें बोट न्यावें. उन्हाळ्यांत लांकूड आकसून टोकें बाहेर येतात व बोटांस टोंचतात.

अमेरिकन वाद्य पुढें विकतांना बरी किंमत देतें, हें खरें. पण शिकाऊ मुलास आमच्या मतें तिसरेंच, निवडून घेतलेलें, पुरे. उरलेल्या पैशांत चांगला ध्वनिवर्धक घ्यावा. त्यावांचून हें वाद्य शेजारच्या खोलींतहि ऐकूं येत नाहीं. कित्येक वडिलांस तेंहि सोयीचें वाटेल!