यकृतांतील आडवाट

घरांतील कर्त्या माणसास यकृताचा विकार जडला आहे असें कळतांच पुष्कळ कुटुंबांत उपचारापेक्षां तो लपविण्याचीच घाई अधिक होते. मद्यास कधींही न शिवलेल्या गृहस्थाविषयीं लोक भलतीच शंका घेतील, ही ती भीति! वस्तुतः ‘बी’ व ‘सी’ जातीच्या काविळीचे विषाणु, तसेंच मधुमेह व स्थूलता यांबरोबर यकृतांत सांचणारी चरबी, हींही यकृत कठीण होण्याचीं कारणें आहेत.

आंतडीं व प्लीहा यांतील रक्त पोर्टल नामक शिरेनें यकृतांत येतें. यकृतास मिळणाऱ्या रक्तापैकीं सुमारें तीन-चतुर्थांश रक्त हिच्याच वाटेनें येतें. यकृत कठीण झालें म्हणजे हें रक्त मागें तुंबतें, पोटांत पाणी सांचतें आणि अन्ननलिकेच्या खालच्या भागांतील शिरा फुगतात. यकृताच्या अलीकडील व पलीकडील दाबांत पाऱ्याच्या १२ मिलिमीटरांचें वा त्याहून अधिक अंतर पडलें कीं त्या फुटून रक्ताची उलटी होण्याचा धोका असतो.

औषधें देणें व दुर्बिणीनें शिरा बांधणें हे प्रथमचे उपाय होत. ते अपुरे पडल्यास मानेच्या शिरेंतून नळी घालून, यकृतांतून बाहेर पडणाऱ्या शिरेपासून पोर्टल शिरेपर्यंत आडवाट पाडतात, आणि ती मिटूं नये म्हणून तींत धातूच्या जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवितात. पोट फाडावें लागत नाहीं. या क्रियेस ‘टिप्स’ म्हणतात. जोसेफ रोश यांनीं १९६९ सालीं तिचे कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. १९८२ त टोरांटो येथें कोलापिंटो यांनीं नुसत्या फुग्यानें रुंदावलेली वाट मनुष्यांत पाडली, परंतु ती टिकेना. १९८८ त जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें मनुष्याच्या यकृतांत प्रथम धातूचा स्टेंट बसला. हल्लींचे अस्तर लावलेले स्टेंट पुष्कळ अधिक काळ मोकळे राहतात.

विलंबाचा प्रश्न येथेंच येतो. रक्तस्राव झालेल्या, विशेष धोक्याच्या ६३ रोग्यांवर युरोपांत झालेली एक चांचणी २०१० सालीं प्रसिद्ध झाली. ७२ तासांच्या आंत टिप्स करण्याचें ठरविलेल्या गटांत वर्षाअखेर शेंकडा ८६ रोगी जिवंत होते, तर इतरांत शेंकडा ६१.

मात्र या वाटेस एक उणीव आहे. यकृत टाळून गेलेलें रक्त नीट शुद्ध होत नाहीं. १८७७ त एक या रशियन शस्त्रवैद्यानें कुत्र्यांत अशीच वाट काढली होती. तसल्या कुत्र्यांस मांस चारल्यावर त्यांची शुद्ध हरपते, असें पाव्हलाव्ह व त्यांचे सहकारी यांस १८९३ त दिसून आलें. रोग्यांतही अमोनियासारखीं द्रव्यें मेंदूपर्यंत पोंचून भ्रम होऊं शकतो. हृदय दुर्बळ असलेल्यांस व यकृत अगदींच थकलेल्यांस ही क्रिया सहसा करीत नाहींत.

ही लक्षणें प्रथम घरच्यांसच दिसतात. दिवसा झोंप व रात्रीं जागरण, हात थरथरणें, सही वांकडी होणें, ओळखीचा शब्द न आठवणें, यांस ‘वयाचा परिणाम’ म्हणून सोडूं नये. तत्काळ डॉक्टरांस कळवावें. शौचास साफ होण्याचें लॅक्ट्युलोज हें औषध सांगितलें असल्यास तें आपण होऊन बंद करूं नये. तसेंच, ‘यकृतास जड’ म्हणून रोग्यास केवळ पेजेवर ठेवण्याची जुनी रीत आतां त्याज्य ठरली आहे. वरण, दूध, दहीं यांतील पौष्टिक अंश त्यास हवाच असतो; प्रमाण मात्र डॉक्टरांस विचारून ठरवावें. एकत्र कुटुंबांत रोग्याकडे पाहणारे डोळे पुष्कळ असतात. कोणी काय पाहावयाचें तेवढें आधीं ठरवून घ्यावें.