आवृत्तीचा आकडा म्हणजे वायदा

नांदेडला टाइप केलेल्या माझ्या उर्दू-मराठी प्रश्नपत्रिका लातूरच्या संगणकावर उघडल्या, तर नुसते चौकोन. "सर, नवीन व्हर्जन आहे ना!" म्हणे. नवीन म्हणजे जुनं बुडवायचं?

अनेक ओपन सोर्सवाल्यांची रीत पाहा. १.४ चं १.५ झालं तर जुनं चाललंच पाहिजे; मोडणार असेल तर सरळ २.० म्हणायचं. पायथन ही संगणकाची भाषा. २००८ मध्ये पायथन ३ आलं, जुने प्रोग्राम अडले. पण पहिला आकडा बदलून, आधी सांगून. आणि पायथन २ ला २०२० उजाडेपर्यंत सांभाळलं.

बदलाला माझा विरोध नाही, गुपचूप मोडण्याला आहे. आपली फाईल त्यांच्याकडे अमानत असते. शाळेत सॉफ्टवेअर घेताना 'नवीन काय?' याआधी 'जुनं उघडेल का?' हे विचारा.