अठरा मिनिटं, आणि त्यानंतर?

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या घरांमध्ये एक नवी सवय शिरली आहे. जेवताना कुणीतरी फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवतं आणि लाल गोल गालिच्यावर उभा असलेला एखादा माणूस आपल्याला मेंदू, मधमाश्या, शिक्षण नाहीतर शहररचना समजावून सांगू लागतो. भाजी संपेपर्यंत भाषणही संपतं. कधी डोळ्यात पाणी येतं, कधी वाटतं की उद्यापासून आयुष्य बदलायचंच. मग आपण ते भाषण घरच्या ग्रुपवर पाठवतो, खाली चार अंगठे येतात आणि ताटं उचलली जातात.

मंडळी, मला ही भाषणं आवडतात, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही म्हणाल, आली ही पुन्हा जुन्याचे गोडवे गायला! आपल्याकडच्या कार्यक्रमांत अठरा मिनिटं नुसत्या प्रास्ताविकात जातात. त्यानंतर शाल-श्रीफळ, वक्त्याचा परिचय (जो सगळ्यांना आधीच ठाऊक असतो), अध्यक्षांचं मनोगत आणि शेवटी ते न संपणारं आभारप्रदर्शन. टेडवाल्यांनी हे सगळं उडवून लावलं. १९८४ साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे निमंत्रितांसाठी सुरू झालेली ही परिषद. २००६ पासून त्यांनी भाषणं इंटरनेटवर फुकट ठेवायला सुरुवात केली आणि जगभरच्या घराघरांत अठरा मिनिटांचा वक्ता येऊन बसला. हान्स रोसलिंग नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी त्याच वर्षी पडद्यावर रंगीत फुगे हलवत गरीब-श्रीमंत देशांची आकडेवारी क्रिकेटच्या कॉमेंटरीसारखी सांगितली. आकडे असे नाचू शकतात हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तेव्हा थोडक्यात बोलण्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. मला खटकतं ते अठरा मिनिटं संपल्यावर जे होतं ते. म्हणजे काहीच होत नाही. टाळ्या वाजतात आणि पडदा काळा होतो. समोरच्या गर्दीतून कुणी उठून म्हणत नाही, "साहेब, एक शंका आहे."

दोन उदाहरणं देते.

पहिलं आपल्याच माणसाचं. २००९ च्या नोव्हेंबरमध्ये टेडची भारतातली परिषद म्हैसूरला झाली. तिथे डॉ. रघुनाथ माशेलकर बोलले. विषय होता, अतिशय कमी खर्चात उत्तम वस्तू कशा घडवायच्या. भाषण फार सुंदर आहे, जरूर ऐका. त्यातलं एक ठळक उदाहरण म्हणजे टाटांची नॅनो, लाखाची गाडी. स्कूटरवर अख्खं कुटुंब लादून जाणाऱ्या माणसाला गाडीत बसवायचं हे स्वप्न ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पण २०१८ मध्ये नॅनोचं उत्पादन थांबलं. स्वस्त गाडी बनवणं जमलं, पण "सर्वांत स्वस्त गाडी" असा शिक्का बसलेली गाडी दारात उभी करायला लोक का कचरले, हा पुढचा धडा त्या भाषणात असणं शक्यच नव्हतं. त्यात माशेलकरांचा काही दोष नाही. भाषण झालं तेव्हा गाडी नुकतीच रस्त्यावर आली होती. पण भाषण मात्र तसंच ताजंतवानं राहिलं आहे. आज पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटेल, काम फत्ते झालं.

दुसरं उदाहरण २०१२ चं. एमी कडी या प्राध्यापिकेने सांगितलं की मुलाखतीच्या आधी दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून, छाती काढून उभं राहिलं तर शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि हिंमत येते. कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं. आमच्या घरातली दोन मुलं तर मुलाखतीच्या आधी न्हाणीघरात वंडरवुमनसारखी उभी राहून गेली. ज्या प्रयोगावर हे उभं होतं त्यात माणसं होती ४२. पुढे २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दोनशे माणसांवर तोच प्रयोग केला. लोकांना आपण जरा दमदार झालो असं वाटलं खरं, पण संप्रेरकांत काही फरक सापडला नाही. २०१६ मध्ये मूळ प्रयोगातल्या एक सहलेखिका डॅना कार्नी यांनी स्वतःच जाहीर केलं की हा परिणाम खरा आहे असं आपल्याला आता वाटत नाही. केवढी मोठी गोष्ट आहे ही! पण हे माघारीचं निवेदन कुणी घरच्या ग्रुपवर पाठवल्याचं तुम्हाला आठवतंय का?

आता गंमत बघा. आपल्या नाशकात याच कामासाठी एक जागा फार पूर्वीपासून आहे. मुळात व्याख्यानमाला हा प्रकारच आपल्याकडे जुना. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू केली. नाशिकची वसंत व्याख्यानमाला १९२२ ची, म्हणजे शंभरी ओलांडलेली. मे महिन्यात, गोदाकाठी, देव मामलेदार यशवंतराव महाराजांच्या पटांगणावर. ज्यांच्या नावाचं हे पटांगण, ते सटाण्याचे मामलेदार. दुष्काळात त्यांनी लोकांसाठी सरकारी खजिना उघडला होता. नवे विचार ऐकायला याहून चांगला पत्ता कुठला मिळणार!

आम्ही लहानपणी आजोबांबरोबर तिथे जायचो. खरं सांगायचं तर निम्मं लक्ष भेळेकडे असायचं. एक दिवस अणुऊर्जा, दुसऱ्या दिवशी संतसाहित्य, तिसऱ्या दिवशी सहकार, चौथ्या दिवशी हृदयविकार. आपल्याला आवडेल तेच ऐकायची सोय नव्हती. आज फोन ओळखतो की हिला मेंदूवरची भाषणं आवडतात, की दिली तसलीच आणखी दहा. आजोबांना कुणी विचारलं नव्हतं. ते रोज जायचे, आणि न आवडलेल्या विषयावरही घरी येऊन तासभर बोलायचे. तिथेही प्रश्नोत्तरांना नेहमी वेळ उरायचा असं नाही. पण वक्ता पायऱ्या चढून वर यायचा तेव्हा चार खमके नाशिककर त्याला गाठायचेच. आणि कालच्या वक्त्याचं म्हणणं खोडणारा कुणीतरी आठवडाभरात त्याच व्यासपीठावर यायचा. ऐकणारी माणसंही तीच असायची, त्यामुळे हिशेब लागायचा.

हे सगळं आत्ताच आठवायचं कारण म्हणजे माझी भाची. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिच्या कॉलेजात अशा छोट्या भाषणांचा कार्यक्रम होता आणि तिची निवड झाली. विषय होता कांदाचाळ. आपल्या जिल्ह्यात उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो आणि भाव येईल या आशेवर पावसाळाभर चाळीत पडून राहतो. तोवर कुठे सडतो, कुठे कोंब येतात, वजनात घट होते ती वेगळीच. हिची कल्पना अशी की चाळीत सोलरवर चालणारे पंखे लावायचे, हवा खेळती ठेवायची. चित्रं छान, बोलणं छान.

तालमीसाठी तिने ते निफाडला माझ्या भावासमोर म्हणून दाखवलं. त्याची स्वतःची चाळ आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाळा, सगळं बरोबर आहे. पण आषाढात बाहेरची हवाच ओली असते. तुझा पंखा तीच ओली हवा माझ्या कांद्यात घालणार ना?"

पोरगी गप्प झाली. रात्री जेवलीही नाही धड. पण सकाळी उठून म्हणाली, "मामा, बाहेरची आणि आतली आर्द्रता मोजून मगच पंखा सुरू झाला तर?" त्यावर मामाचा पुढचा प्रश्न तयार होता, की ढिगाच्या पोटातली आर्द्रता मोजणार कशी? असं दोन दिवस चाललं. भाषण शिकवायला बाहेरून आलेल्या गृहस्थांनी मात्र तिला सांगितलं की मामाचा प्रश्न भाषणात नको, त्याने गोष्टीची लय तुटते. लोकांना प्रेरणा घेऊन घरी जाऊ दे. तिने ऐकलं नाही. शेवटचं दीड मिनिट तिने मामाच्या प्रश्नाला दिलं आणि उत्तर अजून पूर्ण सापडलेलं नाही असं सांगून खाली बसली. टाळ्या म्हणे इतरांपेक्षा कमी पडल्या. पण कार्यक्रम संपल्यावर शेतकऱ्यांची तीन मुलं तिला शोधत आली. त्यातल्या एकाच्या चाळीत यंदा एक पंखा लागतोय.

मला वाटतं, विचार आवडणं आणि विचार कामाला लागणं यांच्यामध्ये हा मामाचा प्रश्न उभा असतो. तो गाळला की भाषण गुळगुळीत होतं आणि विचार तिथेच थांबतो.

आणि भाषणाची किंमत बोलणारा पुढे काय करतो यावरही ठरते. आपल्याच जिल्ह्यातलं येवलं घ्या. १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. आंबेडकरांनी तिथे जाहीर केलं की मी हिंदू म्हणून मरणार नाही. देशभर खळबळ उडाली. टीका झाली, विनवण्या झाल्या, वेगवेगळ्या धर्मांची निमंत्रणं आली. या सगळ्याला तोंड देत, अभ्यास करत त्यांनी एकवीस वर्षं घेतली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात शब्द खरा केला. त्या एका घोषणेमागे एकवीस वर्षांची जबाबदारी होती. प्रत्येक वक्त्याकडून एवढी अपेक्षा कोण करेल? पण वर्षभराने परत येऊन "मागच्या वर्षी जे बोललो त्याचं काय झालं" एवढं तरी सांगायला काय हरकत आहे?

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. व्याख्यानमाला भरवणाऱ्यांनी आणि कॉलेजातल्या मुलांनी, दोघांनीही ऐकावी अशी. भाषण अठरा मिनिटांचंच ठेवा, परिचय दोन वाक्यांत उरका, हारतुरे बंद करा. असे जे चाळीस मिनिटं वाचतील ते सगळे प्रश्नांना द्या. पहिली रांग मान्यवरांसाठी राखून ठेवण्याऐवजी ज्यांच्या शेतावर, दवाखान्यात किंवा वर्गात ती कल्पना राबवायची आहे त्यांना तिथे बसवा. आणि घरी फोनवर भाषण बघणाऱ्यांनी, म्हणजे तुम्ही-आम्ही, ते पुढे पाठवताना अंगठ्याऐवजी निदान एक प्रश्न त्याला जोडावा. चुकीचा असला तरी चालेल.

आमच्या ग्रुपवर मी सुरुवात केली आहे. दोन मावश्या रागावल्यात, पण एका काकांनी उत्तर दिलंय!