गाडी वाळत घातली आहे

मंगळवारी सकाळी वाकडच्या पुलाखाली नेहमीसारखे अडकलो होतो. शेजारच्या सीटवरचा आमचा ऑफिसमधला कारपूलवाला मित्र बराच वेळ नाक फुरफुरवत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "तू गाडीत मोजे वाळत घालतेस का गं?"

मी लगेच आरशाला लटकवलेल्या लिंबाच्या वासाच्या पुठ्ठ्याला एक टिचकी मारली. तो बिचारा गरगर फिरला. आता गाडीत लिंबाच्या रसात भिजवलेल्या मोज्यांचा वास यायला लागला.

खरं सांगू का मंडळी, वास मलाही येत होता. शनिवारपासून येत होता. शुक्रवारी रात्री धो धो पाऊस झाला, शनिवारी बघते तर डाव्या सीटच्या पायापाशी मॅट ओलं. मला वाटलं, आपणच काच इंचभर उघडी ठेवली असणार. माझा लौकिक तसा आहे. मॅट काढून बाल्कनीत टाकलं, जुन्या टॉवेलने खाली पुसलं, पुठ्ठा लटकवला आणि विषय संपवला. मंगळवारी मित्राने पाय जरा दाबून ठेवला तर खालून आवाज आला – पचाक.

गाडी माझी असती तर मी हा पचाक अजून महिनाभर सहन केला असता. पण गाडी बाबांची. नऊ वर्षांची हॅचबॅक. सीटवरचं कंपनीचं प्लॅस्टिक बाबांनी पहिली दोन वर्षं काढू दिलं नव्हतं, यावरून काय ते ओळखा. आई-बाबा दहा दिवस ताईकडे नागपूरला गेले होते आणि निघताना बाबांनी किल्ली माझ्या हातात अशी ठेवली, जणू कन्यादानच. रविवारी सकाळी त्यांना स्टेशनवरून आणायचं होतं. आणायचं कशातून, तर याच गाडीतून. आणि डाव्या पुढच्या सीटवर बसणार आई, जिला दमा आहे आणि पावसाळ्यात जिच्या पर्समध्ये पैशाआधी इनहेलर असतो.

बुरशीला घर करायला फार दिवस लागत नाहीत. ओली गोष्ट चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळली नाही तर ती कामाला लागते. माझे शनिवार, रविवार, सोमवार गेले होते. तो मोज्यांचा वास मोज्यांचा नव्हताच.

दिवसभरात सल्ले गोळा झाले. ऑफिसमध्ये एकीने सांगितलं, वाटीत कॉफी पावडर ठेव. दुसरा म्हणाला, तांदूळ ठेव, मोबाइल भिजल्यावर ठेवतात तसा. (मोबाइललासुद्धा त्याचा फारसा उपयोग होत नाही, पण हे सांगून माणसांचं मन मोडवत नाही.) सोसायटीतल्या काकूंनी तर संध्याकाळी ऊद घालायची तयारी दाखवली, "गाडीला आणि तुलाही." कॉफी काय, खाण्याचा सोडा काय किंवा ते सिलिका जेलचे पुडे काय, हवेतला थोडा वास, थोडा ओलावा ओढतात. पण बादलीभर पाण्यासमोर वाटीभर कॉफी काय करणार? आणि पाणी बादलीभर आहे हे तोवर मला माहीतच नव्हतं.

ते कळलं गॅरेजवाल्या चाचांमुळे. मी सगळा कबुलीजबाब दिला. काच उघडी राहिली, चूक माझी वगैरे. चाचांनी डाव्या सीटवर हात फिरवला, दाराच्या आतल्या बाजूवर फिरवला आणि म्हणाले, "ताई, काच उघडी होती तर सीट कोरडी कशी? पाऊस काय सीट सोडून फक्त खाली पडला?"

मी एवढी इंजिनिअर, पण हा प्रश्न मला पडला नव्हता.

मग त्यांनी पाण्याची बाटली घेतली आणि पुढच्या काचेच्या तळाशी, वायपर जिथे बसतात त्या काळ्या जाळीवर, हळूहळू ओतली. ते पाणी आतल्या पन्हाळीतून वाहत चाकाच्या मागून जमिनीवर पडायला हवं. आमच्या गाडीखाली थेंब नाही. जाळी खोलली तर आत गुलमोहर. अख्खा नाही, पण त्याची ती जिऱ्याएवढी पानं, पाकळ्या, धूळ, सगळ्याचा मिळून गच्च लगदा. आमच्या सोसायटीत गुलमोहराखालची जागा मिळाली म्हणून आम्ही उन्हाळाभर मिरवत होतो ना, त्याचं हे भाडं. पाण्याला बाहेर जायची वाट नाही, मग ते चढत चढत जिथून एसीची हवा आत जाते त्या भोकापर्यंत गेलं आणि ब्लोअरमधून थेट डाव्या पायापाशी उतरलं. काच मी उघडी ठेवलेलीच नव्हती! तीन दिवस उगाच अपराधी वाटून घेतलं.

दुसरा एक गुन्हेगार असू शकतो, तोही सांगून ठेवते. एसीचं स्वतःचं पाणी बाहेर टाकणारी बारीक नळी चोंदली तरी पाणी बहुतेक त्याच बाजूला येतं. ओळखायचं कसं? पाऊस नसताना, नुसता एसी चालवल्यावरही कार्पेट ओलं झालं तर तपास नळीचा. म्हणजे काय, की आधी पाणी आलं कुठून ते शोधायचं, मग पुसायचं. मी उलट केलं. नळ चालू ठेवून फरशी पुसत बसले.

बुधवारी हाफ डे टाकला. चाचांनी आधी बॅटरीची वायर काढली, मग डावी सीट. सीट चार बोल्टवर असते, त्यामुळे आपल्यालाही हात शिवशिवतात, पण सीटखाली पिवळ्या रंगाचं कनेक्टर दिसलं तर ती एअरबॅगची वायर. ते काम ज्याचं त्याला करू द्या. सीट निघाली, कार्पेट उचललं आणि तेव्हा पहिल्यांदा पाणी दिसलं. वरचं कार्पेट नुसतं दमट होतं, पण त्याच्या खाली आवाज कमी व्हावा म्हणून फोमचा आणि नमद्याचा बोटभर जाड थर असतो. तो म्हणजे अख्खा स्पंज. वरून तुम्ही शंभर टॉवेल फिरवा, त्याला पत्ताही लागत नाही. ओलं ओढणारा व्हॅक्यूम होता चाचांकडे. (घरातला साधा वापरू नका हं, त्यात पाणी गेलं तर मोटर जळेल आणि शॉक बसेल तो वेगळा.) त्याने ओढून, वर उभं राहून दाबून, पुन्हा ओढून चार-साडेचार लिटर पाणी निघालं. मी रोज चार-साडेचार लिटर पाणी हिंजवडीला नेऊन परत आणत होते.

आणि त्या थराखाली निघाले पेपर.

वर्तमानपत्रं. नीट चार घड्या घालून, एकावर एक, पत्र्याला चिकटलेली. भिजून काळी पडलेली, कडेला पांढरट हिरवी लव आलेली. वरच्या एकावर तारीख वाचता येत होती, गेल्या वर्षीचा ऑगस्ट. आणि एका पानावर शब्दकोडं, पेन्सिलने सोडवलेलं, अर्धवट. ते अक्षर मी बालवाडीपासून प्रगतिपुस्तकाच्या खाली सहीत बघत आले आहे.

म्हणजे बाबांना माहीत होतं. गेल्या पावसाळ्यातच पाणी आलं होतं. त्यांनी गुपचूप कार्पेट उचललं, पेपर घातले, मॅट टाकलं आणि कोणाला बोलले नाहीत. का बोलले नाहीत तेही मला तिथल्या तिथे कळलं. आई दोन वर्षं त्यांच्या मागे लागली आहे, "विका आता ही गाडी." पाणी आलं म्हणून सांगितलं असतं तर गाडी दिवाळीच्या आत गेली असती.

पेपर टिपायला चांगला, पण तासा-दोन तासांनी बदलला तर. तसाच ठेवला की तो पाणी धरून बसतो आणि बुरशीला आयतं जेवण मिळतं. गेल्या वर्षी आईचा खोकला दिवाळीपर्यंत टिकला होता. त्याचा आणि या कागदांचा संबंध जोडायला मी काही डॉक्टर नाही. पण ते कागद उचलताना मला तो खोकला आठवला आणि बाबांचा भयंकर राग आला. मग स्वतःचा लिंबाचा पुठ्ठा आठवला आणि राग जरा आवरला.

पुढचे दोन दिवस गाडी अक्षरशः वाळत घातली होती. नमद्याचा जो तुकडा सुटा होता तो गॅरेजच्या दोरीवर, चाचांच्या दोन पॅंटींच्या मधे. कार्पेट खाली विटा घालून उचललेलं आणि त्याच्या पोटात हवा जाईल असा टेबलफॅन, दिवसरात्र. तोंडाला मास्क बांधून मी साबणाच्या पाण्याने बुरशी घासली, मग ते पाणीही व्हॅक्यूमने ओढलं, नाहीतर कोरडं करायच्या नादात पुन्हा ओलं. ग्लोव्ह बॉक्समागचा एसीचा फिल्टर काढला तर त्यातही गुलमोहर. नवा टाकला. या फिल्टरकडे आपण कोणी कधी बघत नाही, आणि आपण श्वास मात्र त्यातूनच घेत असतो.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला, काचा खाली करून ठेवायची दोन दिवस. मे महिन्यात जरूर. जुलैत बाहेरची हवाच ओली चिंब, ती आणखी ओल घेणार कुठे? म्हणून शुक्रवारी सीट बसवल्यावर चाचांनी शेवटचा उपाय सांगितला. एसी चालू, तापमानाचा खटका लाल टोकाला, पंखा फुल, आणि निघा. गरम हवेने कार्पेटमधली उरलीसुरली ओल हवेत येते, ती हवा एसीच्या थंड कॉइलवरून गेली की तिच्यातली वाफ पाणी होते आणि नळीतून गाडीखाली टपकते. अधूनमधून दारं उघडून गाडीला श्वास घेऊ द्यायचा. पण हे बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवून कधीच करायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळेपर्यंत उशीर होतो. मी आपली रस्त्यावर. शनिवारी बाणेरपासून चांदणी चौकापर्यंत आणि परत, भर पावसात, हीटर लावून, घामाने निथळत. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की काय सांगू.

एक मात्र लक्षात घ्या, हे सगळं पावसाचं पाणी आत झिरपलं त्याबद्दल. गाडी पुरात उभी होती तर ती गोष्टच वेगळी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हाच्या मुंबईतल्या गाड्या आठवा, किंवा २५ जुलै २०२४ ला आमच्या सिंहगड रोडच्या एकतानगरीतल्या. तिथे किल्ली फिरवायचीच नाही. इंजिनाने पाणी ओढलं की ते दाबलं जात नाही, आतले दांडे वाकतात. फोटो काढायचे, टो करून न्यायची, इन्शुरन्सवाल्यांना कळवायचं. आणि पाणी असताना गाडी सुरू केल्यामुळे इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर लागतं. तुमच्या पॉलिसीत आहे का, आज रात्रीच बघा.

रविवारी सकाळी स्टेशनबाहेर पाऊस होताच. बाबांनी सवयीने किल्लीसाठी हात पुढे केला. आई पुढे बसली, मी मागे, सामानासोबत. बाबांनी गाडी सुरू करायच्या आधी काचेकडे पाहिलं. वायपरखालची जाळी धुऊन काळीशार झाली होती, आणि बाबांच्या नजरेतून अशी गोष्ट सुटत नाही.

"जाळी काढली होतीस?"

"हो."

संगम पुलापर्यंत ते काही बोलले नाहीत. मग आरशातून माझ्याकडे न बघता म्हणाले, "खालीही बघितलंस?"

"बघितलं. टाकून दिले. शब्दकोडं अर्धंच होतं बाबा."

"कसले पेपर टाकले?" आई म्हणाली. पेपर हा शब्द आम्ही दोघांपैकी कोणी उच्चारलाच नव्हता. बाबांनी गिअर बदलला, गरज नसताना.

"मला काय वास येत नाही होय?" आई म्हणाली. "गेल्या वर्षी पेपरच्या रद्दीचा आणि ओल्या फडक्याचा वास यायचा इथे. म्हटलं, ह्यांचा एवढा जीव आहे गाडीवर, कशाला बोला. मी आपली काच खाली करून बसायची." मग तिने एक लांब श्वास घेतला, खोकला आला नाही. "आज नाही येत. पण हे एवढं गरम का होतंय?"

हीटरचा खटका लालवरच राहिला होता.

घरी आल्यावर चहा झाला आणि बाबा छत्री घेऊन खाली गेले. मी गॅलरीतून पाहिलं. गाडी गुलमोहराखालून काढून गेटजवळच्या उघड्या जागेत लावत होते. तीन वेळा पुढेमागे करून, अगदी सरळ.