नवा लॅपटॉप चार्ज होत नाहीं तेव्हां

घरांत नवें यंत्र आलें म्हणजे त्याच्याबरोबर एक जुना नियमही येतो: 'हात लावूं नकोस, बिघडेल.' हा नियम अगदींच चुकीचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. पुष्कळ यंत्रें डिंकानें चिकटवून अशीं बंद केलेलीं असतात कीं, तीं उघडणें म्हणजे मोडणेंच होय. परंतु अलीकडे कांहीं यंत्रें मालकानें उघडावीं याच हेतूनें बनविलीं जाऊं लागलीं आहेत. त्यांपैकीं एकाविषयीं येथें चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. कारण त्याच्या निमित्तानें आपल्या मुलामुलींच्या शिक्षणाचा एक प्रश्न विद्यार्थी व पालक या दोघांपुढेंही उभा राहतो.

अमेरिकेंतील सॅन फ्रान्सिस्को येथील फ्रेमवर्क कंपनीनें २०२१ सालीं सुट्या भागांचा एक लॅपटॉप विक्रीस आणला. त्याची बॅटरी, पडदा, कळफलक, मेनबोर्ड हे सर्व भाग मालकास स्वतः बदलतां येतात. १३ इंची यंत्राच्या तळाशीं पांच स्क्रू असतात व ते सैल केले तरी गळून पडत नाहींत. ते फिरविण्याचा स्क्रूड्रायव्हर यंत्राबरोबरच मिळतो. आंतील भागांवर क्यूआर कोड छापलेले असतात; ते मोबाईलनें वाचले कीं त्या त्या भागाची माहिती समोर येते. यंत्राच्या दोन्ही बाजूंस मिळून चार खाचा असून त्यांत एक्सपान्शन कार्ड नांवाचे लहान चौकोनी तुकडे सरकवून बसवावयाचे असतात. ज्या खाचेंत जें कार्ड बसवावें, त्याप्रमाणें तेथें कोणती केबल लागेल हें ठरतें.

आतां अशी कल्पना करा कीं, परदेशीं नोकरी करणाऱ्या मामानें असा एक लॅपटॉप भाचीसाठीं आणला. सर्वांनीं तो कौतुकानें पाहिला, चार्जर लावला, आणि कडेचा दिवा कांहीं लागेना. अशा वेळीं काय होतें? वडील म्हणतात, 'हिनेंच कांहीं तरी केलें असेल.' मामाचा चेहरा उतरतो. आपण निर्दोष आहों हें दाखविण्याच्या घाईंत मुलगी पांचही स्क्रू एकदम सोडावयास बसते. तिघांपैकीं एकानेंही अद्याप यंत्राकडे नीट पाहिलेलें नसतें.

आमचें मत असें आहे कीं, बिघाडास गुन्हा मानण्याची संवय आपण सोडून दिली पाहिजे. गुन्हा म्हटला कीं मन गुन्हेगार शोधूं लागतें. प्रश्न म्हटला कीं तें क्रम शोधूं लागतें. हा क्रम बाहेरून आंत व सोप्याकडून अवघडाकडे जाणारा असावा.

प्रथम भिंतीवरील प्लग पॉइंट पाहावा. तेथें दुसरें एखादें उपकरण लावून वीज येते कीं नाहीं हें ठरवावें. अमेरिकेंत घरगुती वीज १२० व्होल्टची असते व प्लगच्या पिना चपट्या असतात. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची व पिना गोल. लॅपटॉपचे चार्जर बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात व तसें त्यांवर छापलेलें असतें. तें स्वतः वाचून पाहावें. मध्यें लावलेला अ‍ॅडॉप्टर प्लग सैल असला, तर सारा दोष तेवढ्यांतच असूं शकतो.

नंतर चार्जर व केबल. या लॅपटॉपास यूएसबी-सी केबल लागते. या जोडणीचें मानक २०१४ सालीं प्रसिद्ध झालें. तिचें तोंड मोबाईलच्या केबलीसारखेंच असल्यामुळें घरांतील वाटेल तो चार्जर चालेल असा पुष्कळांचा समज होतो; तो खरा नव्हे. चार्जर आरंभीं केवळ ५ व्होल्ट देतो. मग केबलींतील एका बारीक तारेवरून चार्जर व लॅपटॉप यांची जणूं बोलणी होतात आणि दोघांस मान्य होईल तो दाब ठरतो. लॅपटॉपाच्या बाबतींत तो बहुधा २० व्होल्टपर्यंत चढतो. ३ अँपिअरहून अधिक प्रवाह न्यावयाचा असल्यास केबलींतही आपली ओळख सांगणारी चिप असावी लागते. ही बोलणी फिसकटली, तर चार्जर चांगला, केबल अखंड व लॅपटॉप निर्दोष असूनही बॅटरी भरत नाहीं. १३ इंची यंत्रासाठीं कंपनी ६० वॅटचा चार्जर देते. मोबाईलचा लहानसा चार्जर लावून त्या यंत्रास नांवें ठेवणें न्यायाचें नाहीं.

तिसरी जागा कार्डाची. चार्जिंग केवळ यूएसबी-सीच्या कार्डांतूनच होतें, इतर प्रकारच्या कार्डांतून होत नाहीं. कार्ड अर्धवट सरकलेलें असल्यास तें काढून पुनः नीट बसवावें. मग तेंच कार्ड दुसऱ्या खाचेंत घालून पाहावें. १३ इंची यंत्राच्या चारही खाचांतून चार्जिंग होतें. १६ इंची यंत्रास सहा खाचा असून त्या सर्वांतून तें होत नाहीं, हें ठाऊक नसल्यास चांगलें यंत्रही बिघडलेलें भासतें. एका खाचेंत चालणारें कार्ड दुसरींत चालेना, तर दोष खाचेकडे. कोणत्याच खाचेंत चालेना पण दुसरें कार्ड चालतें, तर दोष त्या कार्डाचा. सुट्या भागांच्या यंत्राचा खरा लाभ हाच आहे. त्याचे भाग बदलून पाहतां येतात म्हणून त्याला प्रश्नही विचारतां येतात.

चौथी गोष्ट धीराची. नवी बॅटरी प्रवासासाठीं जणूं निजविलेली असते. चार्जर जोडल्यावरच ती जागी होते. भाग नव्यानें बसविलेलें यंत्र पहिल्यानें सुरू होतांना मेमरीची ओळख करून घेत असतें व कांहीं मिनिटें पडदा काळाच राहतो. त्या अवधींत पुनः पुनः बटण दाबणें म्हणजे पेरलेलें बीं उकरून पाहण्यासारखें आहे. तसेंच बॅटरी ८० टक्क्यांवर थांबावी अशी मर्यादाही या यंत्रांत घालतां येते. कोणीं ती घातली असली, तर ८० वर थांबणें हा बिघाड नसून आज्ञापालन आहे.

इतकें झाल्यावरच तळ उघडण्याचा विचार करावा. त्यापूर्वीं यंत्र पूर्ण बंद करून चार्जर काढून ठेवावा, आणि मग बॅटरीची मेनबोर्डवरील जोडणी नीट बसली आहे काय हें पाहावें. येथें विद्यार्थ्यांस आमची स्पष्ट ताकीद आहे: बॅटरी फुगलेली दिसली, जळका वास आला किंवा यंत्र फार तापलें, तर तत्क्षणीं थांबून वडील माणसांस सांगावें. चार्जर तर कोणत्याही कारणास्तव उघडूं नये. जें उघडावयाचें त्याबरोबर जें उघडावयाचें नाहीं तेंही ओळखणें, हा या विद्येचा अर्धा भाग आहे.

विद्यार्थी मित्रांनो, या सर्व क्रमांत एकच नियम आहे व तो तुम्हांस शाळेच्या प्रयोगशाळेंत शिकविलेला आहे: एका वेळीं एकच गोष्ट बदलावी आणि काय घडलें तें लिहून ठेवावें. चार्जर, केबल व कार्ड हीं तिन्हीं एकदम बदललीं आणि दिवा लागला, तर यंत्र चालूं होईल. पण तुम्हीं शिकलांत काय? शिवाय, एवढें करूनही यंत्र चालूं न झाल्यास तें हमीखालीं परत करण्याचा तुमचा हक्क कोठें जात नाहीं. उलट 'चालत नाहीं' या दोन शब्दांच्या तक्रारीपेक्षां, काय काय करून पाहिलें याची दहा ओळींची यादी विक्रेत्यास टाळणें पुष्कळ कठीण जातें.

पालक विचारतील, इतक्या किमतीची वस्तु मुलांच्या हातीं द्यावी काय? शंका रास्त आहे. कष्टाच्या पैशांची वस्तु जपलीच पाहिजे. परंतु ज्या मुलानें यंत्राच्या आंत कधीं पाहिलेंच नाहीं, त्याला तें जपावें कसें हें तरी कोठून कळणार? आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस अवश्य वाटतें. घरांत स्क्रूड्रायव्हर निघाला कीं तो आपोआप मुलाच्या हातीं जातो व मुलगी दिवा धरून उभी राहते. यंत्र मात्र आपल्या पुढें मुलगा बसला आहे कीं मुलगी, हें विचारीत नाहीं.

हा प्रश्न आतां केवळ घरापुरता राहिलेला नाहीं. फ्रान्समध्यें २०२१ सालापासून लॅपटॉपसारख्या वस्तूंवर त्या दुरुस्त करण्यास किती सोप्या आहेत याचा गुणांक दाखविण्याचा कायदा लागू झाला. आपल्या देशांतही केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानें दुरुस्तीच्या हक्काची चौकट ठरविण्यासाठीं २०२२ सालीं एक समिति नेमली. हक्क कायद्यानें मिळेल. तो बजावण्यास लागणारा हात व धीर मात्र कायदा देऊं शकत नाहीं. तो घरांतून व शाळेंतूनच मिळावयाचा.

यासाठीं महागडा लॅपटॉपच हवा असें नाहीं. येत्या सुटींत पालकांनीं घरांतील न लागणारी एखादी सेलची टॉर्च मुलामुलींपुढें ठेवावी, शेजारीं एक वही व पेन्सिल ठेवावी, आणि आपण स्वतः अर्धा तास कांहींएक न बोलतां जवळ बसावें. यांतील शेवटची गोष्ट सर्वांत अवघड आहे, हें आम्ही जाणून आहों.