कामावरून काढण्याआधी...

बचत गटांनी आपल्याला पैसे साठवायला आणि कर्ज फेडायला शिकवलं. आता पुढची पायरी आली आहे. पापड, मसाले, डबे अशी कामं वाढली की मदतीला बाई ठेवावी लागते आणि बघता बघता आपणच 'मालकीण' होतो. मग कधीतरी प्रश्न पडतोच, काम नीट न करणारीला ठेवायचं की काढायचं?

भातसानगर परिसरातल्या एका गटात हा वाद मी जवळून पाहिला. मसाल्याची पाकिटं भरणारी बाई रोज उशिरा येई, वजनातही चुकत असे. दुकानदाराने माल परत पाठवला. निम्म्या जणी म्हणाल्या, "गरीब आहे बिचारी, राहू दे." बाकीच्या म्हणाल्या, "उद्यापासून बंद करा." तिला मात्र कुणीच काही विचारलं नव्हतं! विचारल्यावर कळलं, टँकरची वाट बघण्यातच तिची सकाळ जाते. भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात, हे आपल्याला नवं नाही. तिची वेळ अकराची केली, उशीर थांबला.

वजनाचं मात्र जमेना. एक जण महिनाभर तिच्याशेजारी बसली, काटा कसा बघायचा ते दाखवलं. पण चूक दाखवली की तिचं उत्तर एकच, "चालतं गं ताई." गटाने तिला थांबवलं ते तेव्हा. मला हे योग्य वाटतं. पाकीट कमी भरलं तर विश्वास दहाजणींचा जातो आणि त्यांच्याही घरी चुली आहेत.

लिज्जत पापडाची गोष्ट इथे आठवते. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, काम चार महिने बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह ठेवला. अडचणीवर त्यांनी तोड काढली. पण स्वस्तातला हलका पापड करण्याचा विचार मात्र छगनबापांच्या सल्ल्याने सोडला. अडचण समजून घ्यायची, दर्जा सोडायचा नाही, एवढं आपण त्यांच्याकडून घ्यावं.

मैत्रिणींनो, आधी कारण विचारा, काम शिकवा, ठरावीक मुदत द्या आणि ती स्पष्ट सांगा. तरीही फरक पडला नाही तर निर्णय लांबवू नका. तो तिला समोर बसवून सांगा, दुसरीकडून निरोप धाडू नका. तिचा हिशेब चुकता करा. कामावरून काढल्यावर दोन कामकाजाच्या दिवसांत मजुरी द्यावी, असं वेतन संहिता, २०१९ सांगते. आणि गावभर तिची निंदा नको. आपल्याकडे तिला जमलं नाही म्हणून दुसरीकडे जमणारच नाही, असं थोडंच आहे?